शेवटचे तीन आकडे

शैला,

तुझी चिठ्ठी मला विजेच्या बिलाखाली सापडली. तुझं तेरावं होऊन दोन दिवस झाले होते. लेटरबॉक्स उघडायचं मी आपल्या भांडणापासून सोडलं होतं, तुझ्याशिवाय त्यात कोण काय टाकतंय? आमचा वॉचमन दशरथ, परभणीकडचा, त्यानंच हटकलं. "बाई, तुमच्या डब्यातनं कागदं भायेर यायलेत. काढून घ्या की." मी वैतागूनच डबा उघडला. दोन जाहिराती, बिल, आणि बिलाखाली चौकटीच्या वहीचा एक कागद, चार घड्या घातलेला. आत फक्त आकडे, दोन ओळींत. वरची ओळ उत्तरेची, खालची पूर्वेची. नाव नाही, तारीख नाही. पण तुझा तीनचा आकडा लपत नाही. त्याची शेपटी तू कायम पुढच्या चौकटीत नेतेस.

मी तिथंच जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले. दशरथ म्हणाला, "चक्कर आली का?" मी म्हटलं, नाही, बिल जास्त आलंय.

शाळेच्या ग्रुपवर तुझ्याबद्दल बरंच लिहून आलं. मृदुभाषी काय, विद्यार्थीप्रिय काय. विद्यार्थीप्रिय! दशांश चिन्ह राहिलं म्हणून अर्धा मार्क कापणारी, आणि तो मागायला आलेल्या पोराचा आणखी अर्धा कापणारी बाई. हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. तुझ्या जाण्याची बातमीही मला त्याच ग्रुपवर मिळाली, हे तुला सांगायला हवं. सकाळी चहा गाळता गाळता फोन बघितला. आपल्या दोघींची घरं दहा मिनिटांच्या अंतरावर, आणि मला कळलं ते नेरुळच्या पीटीच्या सरांकडून. मी ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. तुझ्याबद्दल मला कोणाला काही सांगायचं नाही. तुलाच सांगायचं आहे.

सव्वीस वर्षं एका स्टाफरूममध्ये काढली आपण. कपाट एक, वरचा कप्पा तुझा, खालचा माझा. तू गणित, मी भूगोल. मुलांसमोर अहो-जाहो, कपाटाच्या दाराआड अगं-तुगं. तू मला 'मंगे' म्हणायचीस आणि कुणी ऐकलं की 'मंगलबाई' करून टाकायचीस. रिटायर झाल्यावर वाटलं होतं, होईल हे सगळं हळूहळू बंद. तुझी आशू पुण्याला, मला तर कोणीच नाही. भेटायला काही निमित्त लागतं ना? दिवाळीचा फराळ आणि गुडघेदुखी यांच्यावर किती वर्षं निघणार?

मग तुझा कॅनडातला भाचा आला आणि जाताना ते पिवळं यंत्र ठेवून गेला. मोबाइलच्या आधीच्या जमान्यातल्या वॉकीटॉकीसारखं जाडजूड. तू ते घेऊन माझ्या दारात उभी. "हे बघ काय आहे! जीपीएस! आपण कुठे आहोत ते सांगतं." मी म्हटलं, सीवुड्समध्ये आहोत, त्याला यंत्र कशाला? मग तू ते जिओकॅशिंगचं समजावलंस. जगभर लोक डब्या लपवतात, जागेचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकतात, दुसरे लोक यंत्र घेऊन हुडकतात. डबीत एक छोटी वही असते, त्यात नाव लिहायचं. एखादी वस्तू घ्यायची, एखादी ठेवायची. एवढंच. मी म्हटलं, हा लहान मुलांचा खेळ आहे. तू म्हणालीस, "मग? तुला कुठं मोठ्यांचा जमला?" मी चप्पल घातली.

वेबसाइटवरच्या आसपासच्या डब्या चार महिन्यांत संपल्या. निम्म्या तर जागेवर नव्हत्याच. मग आपणच एकमेकींसाठी लपवायला लागलो. तुझ्या फोडणीत हिंग इतका की डब्यांना तोटा नव्हता. हिंगाच्या प्लास्टिकच्या डब्या तू घासून, उन्हात वाळवून आणायचीस, तरी वास जायचा नाही. सापडायच्या आधी नाकाला कळायचं. नियम तीन. आकड्यांची चिठ्ठी दुसरीच्या लेटरबॉक्समध्ये टाकायची, बोलायचं काही नाही. दोघींपैकी कोणाच्याच घराच्या आसपास डबी ठेवायची नाही, तो माझा नियम, नाहीतर मग चालणार कधी? आणि सापडली की दुसरीला मिस्ड कॉल द्यायचा. दोन रिंगा. तिनं उचलायचा नाही.

तुझ्या लॅपटॉपवरचे ते नकाशे आठवतात. फुकटचं सॉफ्टवेअर कुठूनसं उतरवून घेतलंस आणि चष्मा नाकावर ओढून बसायचीस. आपण चाललेल्या वाटा यंत्रातून त्यात घ्यायच्या, प्रत्येक फेरीची रेघ वेगळ्या रंगात. दिवाळे गावच्या जेट्टीची निळी, मिठागरांच्या बांधावरची लाल, उलव्याची हिरवी. मी फळ्यावर तीस वर्षं खडूनं भारत काढला, आणि तू आपल्या दोघींचाच नकाशा काढलास. मी तेव्हा म्हणाले होते, रेघा वाकड्या आल्यात. सुंदर आल्यात म्हणायला हवं होतं. आता म्हणते.

आणि तुझं ते कानातलं! दिवाळे गावात पहिल्यांदाच पकडले गेलो आपण. जेट्टीजवळ भिंतीच्या फटीत हात घातलेला, आणि मागून आवाज, "काय गो, काय शोधताव?" दोन म्हाताऱ्या, हातात पिवळं यंत्र, भिंतीत हात. बॉम्ब ठेवतोय म्हणून पोलिसांत दिलं असतं. तू वळलीस आणि शांतपणे म्हणालीस, कानातलं पडलंय. मग तिथल्या मासे विकणाऱ्या तिघी बायका टोपल्या ठेवून आपल्याबरोबर शोधायला लागल्या. अर्धा तास! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या वेळेपासून तू पर्समध्ये खरंच एक कानातलं ठेवायला लागलीस. मोत्याची कुडी, खोट्या मोत्याची, जोडीतली दुसरी महाबळेश्वरच्या सहलीत हरवलेली. कोणी विचारलं की पाच मिनिटं शोधल्यासारखं करायचं, मग हळूच मुठीतनं काढायची. "सापडलं, सापडलं!" लोकांना किती आनंद व्हायचा. एका सिक्युरिटीवाल्यानं तर तुला पाणी आणून दिलं होतं.

आता भांडणाकडे येते.

आपलं खरं भांडण एकच होतं, शेवटच्या तीन आकड्यांचं. बाकीचे आकडे काय, साऱ्या सीवुड्स-बेलापुरात जवळपास तेच. अंश सारखे, मिनिटं सारखी, फार तर एखाद्यानं इकडेतिकडे. जागा ठरते ती शेवटच्या तिघांवर. मी मिनिटाचे साठ सेकंद करते. घड्याळात करतात तसे, नकाशात करतात तसे, मी आयुष्यभर शिकवले तसे. तू मिनिटाचे हजार भाग करायचीस. "अख्ख्या जगातले डबीवाले असंच लिहितात, मंगे. सेकंद कोण वापरतं? तू आणि जहाजवाले." यंत्राला दोन्ही चालायचं. सेटिंगमध्ये जाऊन बदलायचं, एवढंच. आणि गंमत अशी की दोन्ही पद्धतींत शेवटी तीनच आकडे भरायचे असतात. ३२५ म्हटलं तर माझ्या लेखी साडेबत्तीस सेकंद, म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या पुढे. तुझ्या लेखी हजारातले तीनशे पंचवीस, म्हणजे एक तृतीयांशसुद्धा नाही. चिन्हं यंत्र आपली आपण टाकतं, त्यामुळे चिठ्ठीवर तू ती कधी लिहिली नाहीस. दशांश चिन्हासाठी मार्क कापणारी बाई! सेटिंग चुकलं तर यंत्र तक्रार करत नाही, गुमान चारशे मीटर भलतीकडे नेतं. एकदा मी असंच सेटिंग बदलून ठेवलं होतं आणि तू कोणाच्या तरी हळदीच्या मांडवात शिरलीस. त्यांनी तुला जेवूनच सोडलं. तू घरी येऊन माझ्यावर ओरडलीस आणि मग सांगितलंस की वड्या फार चांगल्या होत्या.

हे भांडण आठ वर्षं चाललं. मला वाटायचं, आपल्याला ते संपवायचंच नाहीये.

उलव्याला मात्र ते संपलं. महिन्याभरापूर्वीची गोष्ट. टेकडीच्या पायथ्याशी ठेवलेली आपली जुनी डबी बघायला गेलो होतो. तिथं टेकडीच अर्धी राहिली होती. आपल्या जागेवर पत्रे ठोकलेले, आत बिल्डिंगचा पाया. डोक्यावरून विमान गेलं, इतकं खाली की तुझं बोलणं ऐकू आलं नाही. तू परत म्हणालीस. "आशू म्हणतेय, पुण्याला ये कायमची. खोली तयार केलीय तिनं."

मी काय म्हणायला हवं होतं ते मला माहीत होतं. दोन शब्द होते. जाऊ नकोस. आणि मी म्हणाले, "मग जा ना. मी काय धरून ठेवलंय?"

तू माझ्याकडे बघितलंस. मग मी यंत्रात डोकं घातलं, जवळची दुसरी डबी शोधायचं नाटक करायला, आणि सेटिंग सेकंदांवर नेलं. तू ते माझ्या हातातून ओढून घेतलंस, परत तुझ्या दशांशावर नेलंस आणि म्हणालीस, "हे आता असंच राहणार. आयुष्यभर सगळ्यांना शिकवलंस, मला नको शिकवूस." आपण दोन वेगळ्या रिक्षांनी घरी आलो. एकाच रस्त्यानं, एकामागोमाग एक. पाम बीच रोडच्या सिग्नलला माझी रिक्षा तुझ्या बाजूला थांबली होती. तू समोर बघत होतीस. मीही.

सतरा दिवस. तू फोन केला नाहीस, मी केला नाही. मी रोज संध्याकाळी आमच्या बागेत बकुळीखालच्या बाकावर बसून तुझ्या फोनची वाट बघायचे, हे तुला कळलं असतं तर तू मला वर्षभर चिडवलं असतंस. अठराव्या दिवशी पीटीच्या सरांचा मेसेज आला. झोपेतच, म्हणे. हार्ट. आठ वर्षं माझ्याबरोबर चिखल, काटे, कुत्री तुडवणारी बाई झोपेत गेली.

तुझ्या घरी गेले तर दारात चपलाच चपला. आशूनं मला मिठी मारली. डोळे सुजलेले पोरीचे. माझ्या कानाशी म्हणाली, "मंगलमावशी, आईनं तुम्हाला सांगितलं ना? म्हणत होती, मंगेला मीच कळवते, माझ्या पद्धतीनं."

मी म्हणाले, "हो, सांगितलं."

का म्हणाले? त्या गर्दीत, तुझ्या त्या नणंदेसमोर, मला हे कबूल करायचं नव्हतं की आपण सतरा दिवस बोललो नव्हतो. आई शेवटी माझ्याशी अबोला धरून गेली, हे तुझ्या मुलीला कळू द्यायचं नव्हतं. एवढ्याशा तोऱ्यापायी मी ते दार लावून घेतलं. आता तिला परत कोणत्या तोंडानं विचारू, काय सांगितलं असतं गं आईनं? रात्रंदिवस तेच डोक्यात. पुण्याची तारीख ठरली, हेच असणार. घर विकायला काढलं, हे असणार. किंवा, मंगे, पुरे झालं आता तुझं, हे. यातलं काहीही असलं तरी मला ते तुझ्याकडून हवं होतं.

निघताना आशूनं पिवळं यंत्र माझ्या हातात दिलं. "हे तुमचं दोघींचं आहे, मावशी." मी ते घरी आणून देवघराखालच्या खणात ठेवलं. बघवत नव्हतं.

आणि मग ती चिठ्ठी.

सांगते तुला, आनंद झाला मला. लाज वाटली, पण झाला. तुझ्या पद्धतीनं कळवते म्हणाली होतीस, आणि हीच तर तुझी पद्धत. जे काही आहे ते त्या डबीत आहे. मी यंत्रात नवे सेल घातले. सुरू केलं, सेटिंग उघडलं. ते सेकंदांवर होतं. मनात म्हटलं, हे माझ्याच हातचं, उलव्याला मीच केलं होतं. आणि मग, शैला, मी ते माझ्या हातानं दशांशावर नेलं. आठ वर्षांत पहिल्यांदा, न कुरकुरता. यंत्राला मोठ्यानं म्हणाले, घे बाई, तुझं खरं. उत्तरेचे ३२५ भरले, पूर्वेचे ११४ भरले, बाण फिरला आणि खाडीकडे वळला.

पाम बीच रोड ओलांडून मी करावे गावाच्या मागच्या बांधावर गेले. दुपारचे चार. ओहोटी होती, तिवरांची मुळं उघडी पडलेली. यंत्र म्हणे, अजून साठ मीटर, आत. मी विचार केला, या चिखलातून ही एकटी आत कशी गेली असेल? पण तुझा काही नेम नाही. मी साडी खोचली. दहा पावलांत घोटे गेले, वीस पावलांत पोटऱ्या. एक चप्पल आत राहिली. हात घालून काढत होते तर बांधावरून हाक आली. गावातली एक बाई, डोक्यावर पाटी, चिखलातल्या निवट्या माशांची बहुतेक.

"ओ बाय! कुटं चालली? तिकरं नुस्ता चिकल हाय. आता पानी भरंल."

तोंडातून आपोआप निघालं, "कानातलं पडलंय."

"सोन्याचं व्हतं?"

"नाही. खोटं."

"मंग जाव दे ना! त्याचेपायी जीव देतंस का?" तिनं पाटी खाली ठेवली, हात पुढे केला आणि मला ओढून काढलं. मनगटात काय ताकद! "येकटीच आलीस? कोन नाय बरोबर?"

मी म्हटलं, असते एक. आज नाही आली.

तिनं माझ्या पायांवर बाटलीतलं पाणी ओतलं. मी मान खाली घालून उभी राहिले. शैला, तुझ्याशिवाय मला ते खोटंसुद्धा धड बोलता येत नव्हतं. तू असतीस तर आत्ता मुठीतनं कुडी काढली असतीस आणि ती बाई हसत गेली असती. ती बिचारी माझ्याकडे वळून वळून बघत गेली.

तीन दिवस गेले मी. ओहोटीच्या वेळा बघून, गमबूट घालून. हिंगाचा वास कुठंच नव्हता, नुसता खाडीचा. तिसऱ्या दिवशी मनाशी म्हटलं, पाण्यानं नेली असणार. गेलं. जे काय म्हणायचं होतंस ते भरतीबरोबर गेलं. घरी येऊन गमबूट नळाखाली धरले आणि तुझा भयंकर राग आला मला. खरं सांगते, मेलेल्या माणसावर येतो तसा हळवा नाही, चांगला जिवंत राग आला. हेच तुझं दशांश! म्हातारीला चिखलात घातलंस! मी ओल्या हातानं यंत्र उचललं, आता कायमचं सेकंदांवर करून टाकते म्हणून सेटिंग उघडलं, आणि अंगठा तिथंच थांबला.

उलव्याला शेवटचा हात माझा नव्हता.

तू ओढून घेतलं होतंस. तू दशांशावर नेलं होतंस, माझ्या डोळ्यांदेखत. हे असंच राहणार म्हणाली होतीस. मग मी सेल घातले तेव्हा ते सेकंदांवर कसं होतं? आशूला तर त्यातलं ओ की ठो कळत नाही. मधल्या सतरा दिवसांत यंत्र तुझ्याकडेच होतं. कधीतरी तू एकटीनं बसून, चष्मा नाकावर ओढून, ते माझ्या बाजूला वळवलं होतंस. तू हार मानली होतीस, बाई. आणि मीही, तुझ्यामागून. दोघींनी एकमेकींना न सांगता जागा बदलल्या, म्हणून परत चारशे मीटरचीच चुकामूक.

मी हात पुसले. सेकंद. साडेबत्तीस. अकरा पूर्णांक चार. बाण गर्रकन फिरला, खाडीकडे पाठ करून. अंतर आलं तीस मीटर. मला वाटलं, यंत्राला सिग्नल नाही. खिडकीपाशी गेले. सत्तावीस. मी दार ओढून घेतलं आणि जिना उतरले. आपल्या सगळ्या फेऱ्यांत इतक्या हळू मी कधीच चालले नाही. पार्किंग, पंपाची खोली, बाग. चौदा मीटर. नऊ. घराजवळ डबी ठेवायची नाही हा माझा नियम तू शेवटी मोडलाच होतास, तेही माझ्याच दारात.

बकुळीखालचा माझा बाक. झाडाभोवती उभ्या विटांचं आळं आहे, त्यातली एक वीट हलत होती. खाली वाकण्याआधीच वास आला. सतरा दिवसांतले किती दिवस मी तिच्याशेजारी पाय पसरून तुझ्या फोनची वाट बघत बसले असेन, तुलाच माहीत. त्यानंतरचे तर सगळेच.

डबीत छोटी वही होती. पहिल्या पानावर तुझं अक्षर.

"या वेळी तुझे सेकंद. नियम मोडलाय, ओरडू नकोस. पुण्याला जात नाही, आशूला सांगून टाकलंय. तू राहा म्हणणार नाहीस, माहीत आहे मला. सापडली की मिस्ड कॉल दे, मग चहाला येते. शैला."

मी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचता आलं नाही.

वहीखाली ती कुडी होती. एक वस्तू घ्यायची, त्यातली. मी ती तळहातावर घेऊन विटांपाशी तशीच गुडघ्यावर बसून राहिले. मागून दशरथची काठी वाजली.

"काय हुडकायलात, बाई?"

"कानातलं पडलं होतं."

"सापडलं का ओ?"

मी तळहात पुढे केला. तो वाकला, बघितलं, खुश झाला. मग म्हणाला, "येकच हाय की. दुसरं कुटंय?"

तोपर्यंत मी रडले नव्हते, शैला. स्मशानात नाही, तेराव्याला नाही, चिखलात नाही. दशरथ घाबरला बिचारा. "खरं सोनं व्हतं का?" म्हणाला, आणि काठी टाकून तोही विटा बाजूला सारायला लागला. मी त्याला अडवलं नाही. चांगला दहा मिनिटं शोधत होता.

तो गेल्यावर मी वहीत तुझ्या ओळींखाली लिहिलं, 'सापडली. राहा. मंगल.' डबी परत विटेमागे ठेवली. मग फोन काढला. तुझं नाव यादीत अजून सगळ्यात वर आहे. फोन आशूकडे, पुण्यात, चार्ज आहे की बंद आहे कोण जाणे. मी लावला.

वाजला. दोन रिंगा झाल्या, आणि ठरल्याप्रमाणे मी ठेवून दिला.